पाटीवर वर कुणाचं नाव

ऑइलपेंटचा वास आला की आमच्या आंबी गावातला तो रविवार आठवतो आणि आजही माझं डोकं तापतं. आम्ही कंपनीत जाणाऱ्या, बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या बायका. आमच्यासाठी ग्रामपंचायत समाजमंदिर देणार आणि तिथं बी.ए.चं केंद्र काढून विद्यापीठ दर रविवारी प्राध्यापक पाठवणार, असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी कोऱ्या वह्या घेऊन आम्ही सतरंजीवर बसलो. माझ्या मांडीवर तान्ही लेक. दारावरच्या नव्या पाटीवर ग्रामपंचायतीचं नाव वर, विद्यापीठाचं खाली. विद्यापीठाचे साहेब प्राध्यापकांना घेऊन गाडीतून उतरले ते पाटीपाशीच अडले. "केंद्र आमचं आहे, आमचं नाव वर हवं." सरपंच म्हणाले, "आन् जागा कुणाची? आमचं नाव खाली न्हाई जायचं." पाटी रंगवणाऱ्या पेंटरनं रॉकेलच्या बोळ्यानं दोन्ही नावं पुसली आणि ब्रश धरून उभा राहिला. त्या वासानं आत आमचे डोळे चुरचुरत होते. शेजारची मावशी उठून दारात गेली. "आवं साहेब, पाटी मागनं लिवा, आदी शिकवा तरी!" तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. साहेब प्राध्यापकांना घेऊन गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. कोरी पाटी तेवढी राहिली. आता लग्नात तिच्यावर नवरा-नवरीची नावं लिहितात. माझी लेक पुण्याला हेलपाटे घालून शिकली आणि गेल्या महिन्यात तिचं लग्न ह्याच समाजमंदिरात झालं. पेंटरनं विचारलं, "ताई, वर कुणाचं नाव टाकू?" मी म्हटलं, "कुणाचंबी टाक. पण लेकीच्या नावापुढं बी.ए. लिवायला इसरू नको."