वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं

आत्याचं शेत पाटाच्या अगदी टोकाला. पाट सगळ्यांचा मिळून. मोटर तळ्यातून पाणी उचलते आणि पाळीप्रमाणे एकेक शेत भिजतं, असा करार. प्रत्यक्षात वरचे लोक तुडुंब भिजवत आणि आत्याच्या वाट्याला चिखल येई. पाटाला सिमेंट लावून झालं, मोटर नवी आली, पाहणीला आलेले साहेब चहा पिऊन गेले. पाणी काही येईना.

यंदाही मिरची वाळली तर शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं आणि शहरात मुलाकडे जाऊन राहायचं, असं ठरलं होतं. मुलगा गुणाचा, सूनही चांगली. त्यांनी आत्यासाठी खाटसुद्धा आणून ठेवली होती. त्या खाटेचा विषय निघाला की आत्याचं तोंड कडू होई.

पाटाच्या तोंडाशी शेत होतं तिच्या चुलत दिराचं. त्याला सगळे वकील म्हणत, कारण कोर्टाची पायरी न चढताही तो उठल्यासुटल्या कोर्टात खेचायच्या धमक्या देई. पाणीचोरीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

हंगामाच्या बैठकीत नेहमीची हमरीतुमरी झाली. पाटात पाणी सोडायच्या मुख्य दाराची चावी कुणाकडे द्यायची यावर अडलं. तेव्हा आत्या उठली.

"चावी वकीलभाऊजींना द्या."

"वहिनी, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या?" एक म्हातारा म्हणाला.

"द्या हो. फक्त एक अट. वाटणाऱ्याने शेवटी घ्यायचं. घरात वाढणारी शेवटी जेवते, म्हणून पातेल्यात किती उरलंय ते तिलाच ठाऊक असतं."

चारचौघांत मिळालेला मान वकिलाला नाकारता येईना. त्याने ऐटीत चावी कमरेला लावली. आत्याला वेड लागलंय, असं मला वाटलं.

पहिल्या पाळीत पाणी मधल्या शेतांतच संपलं. आत्या कोरडी राहिली आणि वकीलही. त्याची वांगी माना टाकून उभी, आणि चावी कमरेला असल्याने सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, चोरून घ्यायची सोय उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी वकील स्वतः फावडं घेऊन पाटावर हजर. चोऱ्या कुठे होतात हे त्याला शोधावं लागलं नाही, निम्म्या त्यानेच शिकवलेल्या. कुणाची भगदाडं बुजवली, कुणाचे चोरपाइप उपटले. पहिला पाइप त्याचा स्वतःचाच होता, एवढं मात्र मानलं पाहिजे. तो उपटताना कोर्टाचं नाव काही त्याने काढलं नाही.

पुढच्या पाळीला पाणी टोकाला आलं. गढूळ, पालापाचोळा घेऊन आलं, पण आलं. आत्या चिखलात उभी राहून दारं धरत, एकेका वाफ्यात पाणी वळवत होती आणि रडत होती, आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही. बांधावर वकील घुटमळत होता.

"वहिनी, झालं का? माझी वांगी जातील."

"दोन वाफे राहिलेत. बसा जरा. मी इतकी वर्षं बसले."

तो बसला. शेवटचा वाफा भरला तशी आत्याने एक थेंब जादा न घेता स्वतःच दार बंद केलं.

"जा, उघडा तुमचं."

मिरची तोडायला आली तेव्हा मुलाचा फोन आला. आत्याने तो ओल्या हातानेच घेतला.

"आई, कधी येतेस? खाट तशीच पडलीय."

"येईन की चार दिवस," आत्या म्हणाली. "जास्त नाही जमणार. मला शेताला पाणी द्यायचं असतं."