मागून आलेला ठोका

मोसेपेलेला त्याच्या नावाने हाक मारणारं गावात आता कुणी उरलं नाही. थोरली मुलगी झाली त्या दिवसापासून तो रा-इत्सेंग झाला, इत्सेंगचा बाप. पोरगी जेमतेम चालायला लागली तशी तो तिला आपल्या मोकोरोत, म्हणजे लांबट अरुंद होडीत, बसवून पाण्यावर न्यायला लागला, तेव्हा बायकांनी नाकं मुरडली. मुलीच्या जातीला नाव हाकायची काठी कशाला, म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. दुसऱ्याचं ऐकायचं हा त्याचा स्वभावच नव्हे. तिचे हात त्या काठीला पुरायला लागेपर्यंत त्याने तिला शिकवलं, आणि आता परदेशी पाहुणे घेऊन बेटांवर निघालं की पहिली नाव बापाची आणि दुसरी लेकीची, हे ठरलेलं.

पहिली नाव कुणाची हा आमच्याकडे गंमतीचा विषय नाही. पाणी लव्हाळ्यांतून जातं, वाट अरुंद, आणि पाणघोडा कुठे बुडी मारून बसलाय ते वरून सहज कळत नाही. म्हणून पहिला माणूस शंका आली की काठी नावेच्या कडेवर आपटतो. ठक, ठक. पाणघोडा डोकं वर काढतो, मागचे जागच्या जागी थांबतात, वाट सोडून लव्हाळ्यात शिरतात. कुणी काही विचारत नाही. हा ठोका फक्त पहिल्याने द्यायचा. मागून कधी ठोका येत नाही. आलाच तर त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो: पुढच्याला दिसलेलं नाही.

आणि मोसेपेलेला खरंच दिसत नव्हतं. मऊन शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, बाजूची नजर गेली ती गेली, आता मधली सांभाळा. औषधाचे थेंब दिले. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "डोळ्यात धूळ गेली होती, काढली त्यांनी." ती काय समजायचं ते समजली, पण थेंब वेळेवर घालत राहिली. पाण्यावरून उतरवलं तर या माणसाचं काय होईल, याची तिला धास्ती होती. त्याला तर होतीच. जमिनीवर तो कधी कुणी नव्हता. गुरं नाहीत, शेत हत्तींनी तुडवलेलं. काठी हातात घेऊन उभा राहिला की मात्र गावातली मोठी माणसंसुद्धा त्याला वाट विचारत.

आमच्याकडे पूर थंडीत येतो; त्या वर्षी पाणी चांगलं चढलं होतं. एक म्हातारं जोडपं आलं होतं पाहुणं. ते मोसेपेलेच्या मोकोरोत, तंबू आणि भांडी इत्सेंगच्या, पिण्याचं पाणी आणि पीठ ओडिरिलेच्या. ओडिरिले म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस.

पहिल्याच दिवशी मोसेपेलेने एका वळणावर ठोका दिला. तिन्ही नावा लव्हाळ्यात घुसल्या. वाट बघून पाहुण्यांच्या माना दुखल्या, पण वर काही आलं नाही.

"रा-इत्सेंग, तुमचा पाणघोडा लाजाळू दिसतोय," ओडिरिले मागून म्हणाला. "लग्नाचा आहे का?"

"तू जाऊन विचार ना," मोसेपेले म्हणाला. सगळे हसले. इत्सेंग हसली की नाही, ते त्याने वळून पाहिलं नाही. समोर काळं काहीतरी दिसलं होतं हे खरं. ते काय होतं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन डोळ्यांवर येत होतं. दोन्ही बाजूंना पपायरसचं उंच गवत, मध्ये चकाकतं पाणी. पाहुणीणबाई कमळं बघत होत्या. मोसेपेले नेहमीच्या लयीत काठी टेकत होता आणि त्याला वाटत होतं, आज छान चाललंय.

मागून ठोका आला. ठक, ठक, ठक.

त्याला आधी रागच आला. कोण हा शहाणा, म्हणून तो वळणार तोच हात आपोआप थांबले, कारण आयुष्यभर त्याने हेच शिकवलं होतं, ठोका ऐकला की थांबायचं. पुढे एका नावेच्या अंतरावर, त्याच्या डाव्या हाताला, जिथले बुडबुडे त्याला दिसलेच नव्हते, पाणी फुटलं आणि भलाथोरला नर फुसफुसत वर आला. मोसेपेलेने जोर लावून मोकोरो लव्हाळ्यात दाबली. पाणघोडा जबडा उघडून बघत राहिला, मग खोल पाण्याकडे निघून गेला. पाहुण्यांनी फोटो काढले. किती छान दिसला म्हणाले.

मागे इत्सेंग उभी होती. काठी अजून नावेच्या कडेला टेकलेली. ओडिरिले चक्क गप्प होता.

बेटावर पोचल्यावर त्याने चहा घेतला नाही. इत्सेंग मॅगविन्या, म्हणजे जाड गोड पुरी, तळून घेऊन त्याच्याजवळ आली, तेव्हा तो म्हणाला, "काल होता का तो?"

"कोण, र्रा?" बापाला ती आदराने असंच म्हणायची.

"काल मी ठोका दिला तेव्हा. होता का?"

तिने मॅगविन्या त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, "नव्हता. कमळांचा झुपका होता."

"मग कालच का नाही बोललीस?"

"काल कुणाचा जीव जाणार नव्हता. तुमची फक्त थट्टा झाली असती." मग ती बापाकडे बघून म्हणाली, "आज हात उचलत नव्हता, र्रा. तुमच्यामागून वाजवायला. तरी वाजवलं."

"उशीर नाही केलास," तो म्हणाला. "तुझ्या जागी मी असतो तर इतक्या लवकर वाजवलं असतं की नाही, कोण जाणे."

एवढं बोलून त्याने मॅगविन्या खाल्ली, कारण लेकीने केली होती.

परतायच्या सकाळी त्याने आपली मोकोरो वाळूवर ओढली आणि पालथी घातली. पाहुण्यांना ओडिरिलेच्या नावेत बसवलं. ओडिरिले त्यांचं सामान उचलायला पुढे आला. मग मोसेपेले इत्सेंगच्या मोकोरोत, भांड्यांच्या पुढे, खाली बसला. जाणत्या वयापासून त्या पाण्यावर तो कधी बसून गेला नव्हता. बसल्यावर पपायरस फार उंच वाटतं, आणि पाणी अगदी गळ्याशी आल्यासारखं.

इत्सेंगने नाव पहिल्या जागी घेतली. तिला इथे यायचंच होतं एक दिवस, पण असं नाही.

मग त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं, "पुढे काय दिसतंय?"

ती सांगायला लागली. डावीकडे मगरीचं पिल्लू आहे, उन्हात. पलीकडे दोन बगळे. वाट उजवीकडे वळते, पाणी स्वच्छ आहे. ती घरापर्यंत सांगत राहिली, आणि त्याने एकदाही तिला थांबवलं नाही.