पूर्णेकाठची हाडं कोणाची

दगड गोळा करणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी साठत जातात, दगड आणि किस्से. दगड निदान पलंगाखाली सरकवता येतात. किस्से मात्र कोणी ओळखीचं आलं, चहाचं आधण ठेवलं, की आपसूक बाहेर येतात. माझ्याकडे आता दगड थोडेच उरलेत. किस्से सगळे आहेत.

मी अमरावतीला मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायची. पन्नास-साठ सालांतल्या या गोष्टी. आमचा चौघांचा कंपू होता. देशमुख कंपाउंडर आमच्यात वयानं मोठे. वानखडे मास्तर म्युनिसिपल शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. तिसरी मी. आम्हा तिघांना फॉसिलचं वेड होतं. फॉसिल म्हणजे जमिनीत राहून राहून दगड झालेली जुनी हाडं, शिंपले, लाकडं. रविवार आला की आम्ही दर्यापूरच्या खाली पूर्णेच्या काठाला, नाहीतर मोर्शीकडच्या डोंगरात.

चौथे अकोल्याचे रज्जाकभाई. त्यांचं वेड नव्हतं, धंदा होता. नदीतले अकीक, म्हणजे रंगीत गारगोट्या, वेचून ते गुजरातेत खंबायतला मणी करणाऱ्यांकडे पाठवत. पुढे मुंबईचे काही शौकीन फॉसिलही मागायला लागले, तेव्हा रज्जाकभाई तेही विकू लागले. देशमुखांना ते मुळीच पटत नसे. आणि रज्जाकभाई नसले तर देशमुखांचा रविवार जात नसे.

*

अगदी सुरुवातीची गोष्ट. पूर्णेच्या काठी आम्ही तिघं खाली मान घालून फिरत होतो. धुणं धुणारी एक म्हातारी बराच वेळ बघत होती. शेवटी मला म्हणाली, "काय हारपलं वं बाई?"

मी म्हटलं, "काही नाही आजी, शोधून राहिलो."

तिनं धुणं तसंच टाकलं आणि ती पण वाकली. पाठोपाठ तिची सून आली, मग दोन गुराखी. कोणी म्हणे कानातलं पडलं, कोणी म्हणे मंगळसूत्र. अर्धी वाडी वाळू चाळत होती. खरं काय ते सांगायची सोय उरली नाही.

दुपारी वानखडे मास्तरांना दगड झालेला एक शिंपला सापडला. मास्तरांचे डोळे आनंदानं पाणावलेले बघून म्हातारी जवळ आली. शिंपला हातात घेऊन उलटा-पालटा केला, परत मास्तरांच्या हातात ठेवला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"सापडलं ना? मंग आता रडू नको."

*

दगड विकावा की नाही, यावर देशमुख आणि रज्जाकभाई कुठेही भांडू शकत. एकदा मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत जुंपली.

"रज्जाकभाई, हे हाड लाखो वर्षं इथं झोपलं हाय. तुमी त्याले उठवून बाजारात उभं करता."

"अन् तुमी उठवून कपाटात कोंडता, भाऊ. माह्याकडून निदान ते मुंबई तरी पायते."

गाडी हळू, ऐकणारे रिकामे. डबाभर लोक यात पडले. कपाशीचं गाठोडं घेऊन बसलेला एकजण म्हणाला, "ज्याच्या वावरात निंगालं त्याचं." समोरची बाई म्हणाली, "वावर बोलते का? ज्यानं वाकून उचललं त्याचं." कुठलेसे एक शाळामास्तर म्हणाले की ते सरकारचं. त्यावर सगळे खिडकीबाहेर बघायला लागले.

कोपऱ्यात एक म्हातारबुवा डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडता म्हणाले, "ज्याचं हाड हाय त्याले कोनी इचारलं का?"



*

रज्जाकभाई हाडांचे पैसे देतात हे खेड्यांत पसरलं. पण रज्जाकभाई अकोल्याला आणि देशमुख अमरावतीत, म्हणून लोक आपला माल घेऊन देशमुखांच्याच ओसरीवर येऊन बसत. देशमुख विकत काही घेत नसत. येईल त्याला चहा मात्र पाजत.

एकदा एक गडी धोतराच्या सोग्यात काहीतरी बांधून आला. फार जुनं आहे म्हणाला, आजाच्या आजाच्या वेळचं. सोडून दाखवलं तर बकरीचा जबडा. हळद आणि काळी माती चोपडून गोवरीच्या विस्तवात चांगला भाजलेला. वाटेत निवायला वेळ मिळाला नव्हता.

देशमुखांनी तो हातात घेतला. दवाखान्यात पेशंटच्या कपाळाला लावत तसा हाताचा मागचा भाग त्याला लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "याचा ताप अजून उतरला नाही."

गडी आधी खाली बघत राहिला, मग त्यालाच हसू फुटलं. देशमुखांनी आत आवाज देऊन दोन कप चहा मागवला. तो माणूस पुढे दर हंगामात त्यांना हुरडा आणून द्यायचा.

*

पूर्णेकाठच्या एका गावात निंबाखाली भलंमोठं हाड ठेवलेलं होतं. त्याला शेंदूर लावलेला, पुढे नारळ. पुरात वाहून आलं, भीमाचं हाड आहे, असं गाव म्हणे. रज्जाकभाईंना ते हवं होतं, म्हणून आम्ही चौघं गेलो.

गावातले एक आजोबा राखणदारासारखे तिथे बसून. त्यांनी आमची नावं-गावं विचारली. वानखड्यांचं नाव ऐकून जरा थांबले. मास्तरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. ते सगळीकडे माहीत होतं.

"तुमी तं आता देव सोडले म्हनते, मास्तर."

"देव सोडले, आजोबा. हत्ती नाही सोडला."

"कोन्ता हत्ती?"

"हा. हत्तीच्या मांडीचं हाड हाय हे. लई जुन्या काळचा, आताच्यापेक्षा मोठा."

मास्तर हे बोलत होते ते चार पावलं लांबून, दोन्ही हात पाठीमागे धरून. बाकी आम्ही सगळे हाडाजवळ उकिडवे बसलो होतो. माझ्या तोवर ध्यानातही आलं नव्हतं की मास्तर एवढे लांब का उभे आहेत.

आजोबांनी हाड एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखलं. मग म्हणाले, "मंग लांबून काहून पायता? देव असता तं गोष्ट येगळी. हत्तीले हात लावाले कोनाची मनाई हाय?"

वानखडे मास्तर आले, बसले. हाडावर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच राहू दिला. बोटांना शेंदूर लागला, तो त्यांनी पुसला नाही.

रज्जाकभाईंनी खाकरून विचारलं, "आजोबा, आता देव नाही म्हनता, मंग देता का इकत?"

आजोबा उठले, नारळ बाजूला सरकवून हाडावरची पानं झाडली. "म्हातारं झालेलं जनावर आमी बाजारात नेत नाही," ते म्हणाले.

*

देशमुखांनी एकदा आपले बरेच निवडक दगड एका कॉलेजाला भेट दिले. पोरांना शिकायला होतील म्हणून. फुकट, वर टांग्याचं भाडंही स्वतःच भरलं.

पुढच्या पावसाळ्यानंतर ते सहज बघायला गेले. दगड बागेत होते. गुलाबाच्या वाफ्याभोवती एका ओळीत मांडलेले, सगळ्यांना चुना लावलेला. माळी कौतुकानं म्हणाला, "साहेब, सारे येगयेगळ्या रंगाचे होते. आता कसे एकसारखे दिसते."

 देशमुखांनी फक्त एक दगड मागून घेतला आणि पिशवीत घालून घरी आणला. आमच्या कमलाकाकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, जन्मभर या दगडांच्या नावानं बोटं मोडत आल्या होत्या. त्या रात्री त्यांनी रिठे भिजत घातले. सकाळी मी गेले तेव्हा दोघं न्हाणीपाशी बसून त्या दगडाला अंघोळ घालत होते.

*

एका हिवाळ्यात देशमुख गेले. तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि घरात काकू आणि दगड उरले. फडताळात, देव्हाऱ्याखाली, डाळीच्या रिकाम्या डब्यांत.

मी आणि वानखडे मास्तरांनी ठरवलं होतं की एकही दगड विकायचा नाही, आपण निम्मे निम्मे सांभाळू. तसं सांगायला गेलो तर काकूच म्हणाल्या, "रज्जाकभाईले बोलवा. मले इकाचे हाय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काकू, काकांना हे चाललं नसतं."

"नसतंच चाललं. पन बाई, तुमी दोघं तरी किती दिवस पुराल? फुकटातलं कोनी जपत नाही. चुना लावते. पैसा देऊन जो नेईन, तो जपीन."

वानखडे मास्तरांनी त्याच दिवशी अकोल्याला कार्ड टाकलं. 

रज्जाकभाई आले. बारदानाची पोती घेऊन आले, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. या दगडांवर त्यांचा कित्येक वर्षं डोळा होता, आणि आता दारात उभं राहून ते डोळे पुसत होते.

"भाभी, माह्याच्यानं होत नाही. भाऊ मले शिव्या देतीन."

"देऊ द्या," काकू म्हणाल्या. "शिव्या देतीन तं आवाज तरी येईन."

मग ते आत आले. काकूंनी देशमुखांची जुनी धोतरं फाडून ठेवली होती. एकेक दगड त्या हातात घेत, पदरानं पुसत आणि धोतराच्या तुकड्यात गुंडाळत. रज्जाकभाई म्हणाले, "कपडा राहू द्या, भाभी. मी बारदान आनलं हाय."

"असू द्या," त्या म्हणाल्या. "थंडी पडून राहिली."

स्टेशनवर जायला टांगा बोलावला. टांगेवाल्यानं पहिलं गाठोडं उचललं आणि पायाशी टाकायला वाकला. रज्जाकभाईंनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. सगळी गाठोडी एकेक करून मागच्या गादीवर नीट बसवली, आणि स्वतः पुढे टांगेवाल्याच्या बाजूला, अर्ध्या फळीवर टेकले.

टांगेवाला म्हणाला, "चाचा, इतना सामान उप्पर कायको रखे?"

"सामान नहीं है," रज्जाकभाई म्हणाले. "सवारी है. धीरे ले."