फाटकावरची टिटवी

खालापूरजवळ आम्ही नवराबायको बंगल्याचा प्लॉट बघायला गेलो, तेव्हा फाटकाशेजारच्या भिंतीवर एक पोट सुटलेला चित्रकार टिटवी रंगवत होता. मध्येच थांबून तो तिच्यासारखा ओरडायचा आणि तिची चोच आणखी थोडी उघडी काढायचा.

सेल्समन धावत आला. "अरे, मोर सांगितला होता ना!"

"लहानपणापासून या माळावर मी हीच बघतोय. अंड्यांजवळ कुणी आलं की शिव्या घालते."

"मग आता कुणाला घालतेय?"

त्यानं ब्रश आमच्याकडे रोखला. "गिऱ्हाइकाला."

सेल्समननं त्याला तिथंच कामावरून काढलं. त्यानं शांतपणे टिटवीचा डोळा पुरा केला, मगच तो शिडीवरून उतरला.

प्लॉट आम्ही घेतला नाही. बायको म्हणाली, "पैसे देऊन वर रोज शिव्या कोण खाणार? आणि तिचं काही चुकत नाही हो."