घरी बांधलेला ट्रेलर घेऊन अक्कांच्या खजुरीला

अक्कांचा फोन रविवारी सकाळी यायचा आणि शेवटी दर वेळी तेच म्हणायच्या, त्याला दे जरा. मी फोन माधवच्या कानाशी धरायचे. पलीकडून अक्का पिकापाण्याचं, म्हशीचं, नातवंडांचं सांगत राहायच्या आणि हा डोळे मिटून ऐकत राहायचा. सव्वा वर्षापूर्वी माधवला, माझ्या नवऱ्याला, पक्षाघाताचा झटका आला. चालणं सावरलं, उजवा हात निम्मा परत आला, शब्द मात्र आले नाहीत. त्याला समजतं सगळं. बोलायला गेला की हवा तो शब्द सापडत नाही, भलताच तोंडात येतो, मग तो गप्प होतो. पुढे पुढे त्याने माणसांत जाणंच सोडलं. अक्का त्याची सख्खी थोरली बहीण, खजुरीला, आमच्या बीदरहून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, तरी झटक्यानंतर आम्ही तिकडे गेलो नव्हतो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी फोन ठेवला आणि मी अंगणातल्या ट्रेलरवरची ताडपत्री ओढून काढली. हा ट्रेलर माधवने झटक्याआधी स्वतः बांधलेला. तो आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स शिकवायचा. भंगारातून जीपच्या मागे लावायच्या जुन्या ट्रॉलीचा सांगाडा आणला, खाली स्प्रिंगचे पाटे नवे घातले, वर लोखंडी चौकट, प्लायवूड आणि अॅल्युमिनियमचा पत्रा. आत दोघांपुरता पलंग, मागे उघडणारं स्वयंपाकाचं फळकूट, छतावर दोन सोलर पॅनल, पलंगाखाली साठ अँपिअरची बॅटरी. त्यावर छोटा फ्रीज, पंखा, दिवे आणि पाण्याचा पंप चालतो. चाकं जीपच्याच मापाची, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते. शेतरस्त्याला अडू नये म्हणून जमिनीपासून चांगला उंच घेतलेला. (असं काही बांधायचा विचार असेल तर नोंदणीचं आधी आरटीओत जाऊन विचारा, मग वेल्डिंगला हात घाला.)

मी त्याला म्हटलं, आपण अक्कांकडे जाऊ, राहायचं मात्र आपल्याच खोलीत. नको वाटलं की दार लावून घ्यायचं. तो उठला. ओट्यावरून खाली आला आणि डाव्या हाताने ट्रेलरचं टायर दाबून पाहिलं. हवा कमी होती. असं आमचं जायचं ठरलं.

पुढचे तीन आठवडे मी शिकाऊ होते. मी शाळेत मराठी शिकवते, पाना हातात धरायची वेळ कधी आली नव्हती. माधव खुर्ची टाकून बसायचा आणि बोटाने दाखवायचा. चाकाची टोपी काढून बेअरिंग रॉकेलने धुवायचं, तळहातावर ग्रीस घेऊन ते त्यात दाबून भरायचं, नट आवळून मग किंचित सैल सोडायचा. चुकलं की मान हलायची. बरोबर झालं की काहीच नाही, बोट पुढच्या कामाकडे जायचं. ट्रेलर मागे घ्यायला मी आयटीआयच्या मैदानात शिकले. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे जातो, हे डोक्यात बसायला दोन रविवार गेले.

पहिला मुक्काम मुद्दाम जवळ ठेवला. जनवाडा आमच्या वाटेवर नाही, उलट दिशेला आहे, पण घरापासून जवळ. काही बिघडलं तर परतता येईल असा हिशेब. ओळखीच्या एका अप्पांच्या शेतात आंब्याखाली जागा मिळाली. शेवटचा मैलभर गाडीवाट होती, लाल मुरमाची आणि खड्ड्यांची, ट्रेलर मागे दणादण आपटत होता. पोचल्यावर चाकाच्या मधल्या भागाला तळहात लावून पाहिला. हात ठेवता आला तर बेअरिंग ठीक, चटका बसला तर थांबायचं. हात ठेवता आला. माधवनेही येऊन लावून पाहिला.

तिथे एक रात्र राहणार होतो, दोन राहिलो. अप्पांनी तुरीच्या ओल्या शेंगा मिठात उकडून पाठवल्या. माधव दिवसभर आंब्याखाली बसून होता आणि त्याच्याशी कुणी बोलायला येत नव्हतं, हेच त्याला बरं वाटत असावं. मीही निवांत होते. इतकी निवांत की दुसऱ्या दिवशी बॅटरीचा मीटर पाहिलाच नाही. नव्याने निघणाऱ्यांनी हे माझ्याकडून शिकावं. मीटर सकाळ-संध्याकाळ बघायचा, ऊन कितीही लख्ख असलं तरी.

तिसऱ्या दिवशी बीदरवरून हुमनाबादच्या रस्त्याला लागलो. हळ्ळीखेडच्या अलीकडे लिंबाखाली चहाला थांबलो. मी दुधासाठी फ्रीज उघडला तर आत गरम वाफ. दिवे लागेनात, पंप चालेना. पलंगाखालचा खण उघडला, तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. सोलरकडून बॅटरीकडे येणाऱ्या तारेवर फ्यूजची डबी असते, ती वितळून काळी झाली होती. जनवाड्याच्या धक्क्यांनी तिथला नट सैल पडला असणार, मग ती तापत गेली. छतावर दोन दिवस ऊन पडत होतं आणि बॅटरीत थेंबभरही उतरलं नव्हतं.

माधवने वाकून ते पाहिलं आणि जाऊन जीपमध्ये बसला. काच वर केली. ती जोडणी त्याच्या हातची होती. मी काचेवर टकटक केली तेव्हा त्याने फक्त मागे, बीदरकडे हात दाखवला. परत चल.

मला परत जायचं नव्हतं. आता परतलो तर हा पुन्हा अंगणाबाहेर पडणार नाही, हे मला दिसत होतं. मी पाना घेतला, एकटीच खणात वाकले आणि बॅटरीचा नट खोलायला गेले. इतक्यात मनगटावर हात पडला. माधव कधी उतरून आला ते कळलं नव्हतं. तोंड लाल झालेलं, ओठ शब्द शोधतायत, आणि एकदम शब्द आले.

"ऊपर का. पहले ऊपर का निकालो."

मी तशीच वाकलेली राहिले. सव्वा वर्षात त्याच्या तोंडून सलग चार शब्द आले नव्हते, आणि आले ते आयटीआयच्या वर्कशॉपातल्या दखनीत, इकडच्या बोली हिंदीत. त्याला काय म्हणायचं होतं तेही कळलं. ऊन आहे तोवर पॅनलमधून वीज येतच असते, म्हणून आधी वरच्या पॅनलची तार सोडवायची, बॅटरीला हात त्यानंतर. उलट केलं तर चार्जिंगचं यंत्र जळू शकतं. मी छतावर चढून पॅनलची जोडणी काढली आणि खाली येऊन विचारलं, "अहो, आता?"

"अब नीचे का. हल्लू."

हळ्ळीखेडच्या मुख्य रस्त्याला मेहबूब मिस्त्रींचं मोटारींच्या वायरिंगचं दुकान आहे, तिथे कुणीतरी पाठवलं. मिस्त्री साठीचे, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मी सगळं सांगितलं. झटक्यानंतर लोक माधवबद्दल माझ्याशीच बोलतात, तो समोर बसलेला असला तरी. मिस्त्रींनी माझं ऐकून घेतलं, खणात डोकं घातलं, आणि बाहेर येऊन थेट त्यालाच विचारलं.

"किने बनाया ये?"

माधव बराच वेळ घेत होता. मी मध्ये बोलणार होते, मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना काही घाई नव्हती.

"मैंच बनाया," माधव म्हणाला.

"अच्छा बनाया. डबी हल्की थी, बस."

मग ते दोघं कामाला लागले. मिस्त्रींनी चिनी मातीची जाड डबी बसवली, तारांच्या टोकांना नटात अडकवायचे नवे तांब्याचे लग दाबले, नटाखाली स्प्रिंगचा वॉशर घातला. खणात एक तार गुंडाळून टेप लावलेली होती, तिच्याबद्दल विचारलं. जीप चालू असताना तिच्याच विजेवर बॅटरी भरावी म्हणून माधवने ती ओढली होती, यंत्रही बसवलं होतं, जीपच्या बाजूचा प्लग तेवढा राहिला होता. तो बसवायच्या आठवड्यातच झटका आला. मिस्त्रींनी तोही बसवला. माधव फ्यूजचा आकडा बोटांनी दाखवत होता, मध्ये मध्ये बोलत होता, "नक्को," "हौ," "इधर से लेव." तुटक होतं, पण तो बोलत होता. दोन तासांत काम झालं. शेजारच्या गाड्यावर चुरमुऱ्यांचा सुसला आणि मिरची भजी मिळाली, तिघांनी बाकावर बसून खाल्ली.

मी हसत होते, आणि आतून मला लागलंही होतं. चोवीस वर्षांचा संसार आम्ही मराठीत केला. माझ्याशी बोलायला एक शब्द सापडत नव्हता आणि मिस्त्रींना सगळे सापडले.

हुमनाबादहून सोलापूरकडचा हायवे घेतला. रस्ता उत्तम, टोल आहे, ट्रेलरसह आरामात पन्नासच्या वेगाने जावं. उमरग्याला थोडा वेळ महाराष्ट्र लागतो, तिथून डावीकडे आळंदच्या रस्त्याला वळलं की पुन्हा कर्नाटक आणि काळी जमीन. जीपकडून वीज येत होती. खजुरीला पोचेपर्यंत फ्रीज गार झाला होता.

अक्का ज्वारीच्या कडेला उभ्या होत्या. आलास व्हय, म्हणाल्या, आणि भावाच्या तोंडावरून हात फिरवला. माधवने नेहमीसारखी मान खाली घातली. अक्का मराठीत विचारत राहिल्या, तो गप्प. मग त्यांनी सहज, लहानपणी दोघं कानडी पोरांत खेळायची तसं विचारलं, "ऊटा आतेनो?" जेवलास का.

"इन्ना इल्ला," माधव म्हणाला. अजून नाही.

अक्कांना त्यात काही नवल वाटलं नाही. त्या भाकरी वाढायला गेल्या.

तीन दिवस आमची खोली त्यांच्या विहिरीजवळ उभी होती. सकाळी हुरडा, दुपारी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि दही. रस्त्याची धूळ पॅनलवर बसली की वीज कमी येते, म्हणून मी रोज वर चढून ओल्या फडक्याने ती पुसत होते. एका दुपारी मी वर असताना अक्का ट्रेलरमध्ये माधवकडे आल्या, पलंगावर बसून पाहिलं, दिवे लावून-घालवून पाहिले, मग दार ओढून घेतलं. आत दोघं कानडीत हळूहळू बोलत होती. मला काही कळत नव्हतं. बाजारापुरतं कानडी येतं मला, बाहेरचं बोलणं कायम माधवच करायचा.

संध्याकाळी कणसं भाजताना मी अक्कांना मनातलं बोलून दाखवलं. म्हटलं, तुमच्याशी बोलतो, मिस्त्रींशी बोलतो, माझ्याशीच नाही.

अक्का कणीस चोळायच्या थांबल्या नाहीत. "तुला येत न्हाई म्हणून त्यानं गप बसायचं का?" त्या म्हणाल्या. "मास्तरीण हायस न्हवं तू? शिक की कानडी."

मला राग आला, आणि मग हसू आलं. मी पर्समधली वही काढली. बस, ऊठ, जेव, हस, रड, काल, उद्या, कधी. अक्का सांगत गेल्या, मी उतरवत गेले, आणि माधव विस्तवापलीकडून माझे उच्चार ऐकून खांदे हलवत हसत होता.

घरी येऊन आता आठवडा झाला. बेअरिंग पुन्हा उघडून पाहिलं, ग्रीस स्वच्छ आहे. सगळे नट नव्याने आवळले, दर प्रवासानंतर आवळायचे असं ठरवलंय. त्याच्या बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंना मी दखनी आणि कानडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या की असं होतं कधी कधी, जी वाट मोकळी आहे तिथून सुरू करू. मराठी येईल की नाही हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

काल सकाळी शेजारचे शरणप्पा कुंपणापाशी आले आणि माधवला विचारलं, कसा झाला प्रवास. कानडीतच विचारलं. मी ओट्यावर वह्या तपासत होते.

"भाळ छलो इत्तु," माधव म्हणाला. फार छान झाला. मग जरा थांबून, "अक्का अत्तळु. नानू अत्ते."

शरणप्पांनी मान हलवली आणि ते गेले. माझी लाल पेन्सिल तशीच हातात राहिली. अक्का रडल्या, मीही रडलो, असं म्हणाला होता तो. मी तिन्ही दिवस तिथेच होते. ती दोघं दार लावून बसली होती त्या दुपारी मी त्यांच्या डोक्यावर, छतावर, पॅनल पुसत होते, आणि मला वाटलं होतं गप्पा चालल्यात.

"यावाग?" मी विचारलं. कधी? माझा उच्चार चुकला असणार.

माधवने वळून माझ्याकडे पाहिलं. शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली, मी बसेपर्यंत थांबला, आणि कानडीतच, हळूहळू, सांगायला लागला.