झिनेतचे रंग

फिर्मँ दलाजने एकतीस वर्षं एकच होडी काढली. शारांत नदीवरून मीठ नेणारी होडी, तिचा म्हातारा नाखवा, आणि दर पुस्तकात एक नवं संकट. चौदा चित्रपुस्तकं झाली. आँगुलेम गावातल्या माझ्या पुस्तकांच्या दुकानात ती नेहमी असायची. फार कधी खपली नाहीत.

फिर्मँ काळ्या शाईत चित्रं काढायचा. मग छापखाना तीच चित्रं फिकट निळ्या रेषांत जाड कागदावर छापून पाठवायचा आणि त्यांवर त्याची बायको झिनेत रंग भरायची. त्या काळी सगळ्याच चित्रकारांच्या बायका भरायच्या. नाव नवऱ्याचं. शारांतचा गढूळ हिरवा जमावा म्हणून ती रंगाच्या वाटीत उरलेली कॉफी ओतायची.

"साखर पण घाल," फिर्मँ चिडवायचा.

"तू आधी नाखव्याचे दोन्ही कान सारखे काढ."

एकदा तिने विचारलं होतं, "माझं नाव आत कुठेतरी? बारीक?"

"प्रकाशकाला विचारतो," तो म्हणाला. विचारलं नाही.

झिनेत मार्चमध्ये गेली. त्याच वर्षी प्रकाशकाने चौदाही पुस्तकं एका जाड खंडात काढायची ठरवली. फिर्मँची एकच अट होती: मुखपृष्ठावर झिनेतचं नाव, त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरांत. माएल, संपादक, तिशीतली मुलगी, लगेच हो म्हणाली. "फक्त मादामचे रंगवलेले कागद लागतील."

दोन दिवस फिर्मँने आणि मी त्याच्या घराचा माळा उपसला. त्याची काळी पानं पत्र्याच्या पेट्यांत होती, प्रत्येकावर पातळ कागद घालून जपलेली. रंगाचा एकही कागद नव्हता. फिर्मँ पेटीवर बसला.

"घर बदललं तेव्हा बश्या गुंडाळल्या मी त्यांत."

"सगळ्या कागदांत?"

"फार बश्या होत्या रे. ती म्हणाली, असू दे, छापून झालंय."

जुन्या पुस्तकांतले रंग विटले होते, त्यांवरून काही उचलता येईना. शेवटी लियाँच्या एका मुलीने संगणकावर सगळं नव्याने रंगवलं. पुढच्या जानेवारीत माएल नमुना घेऊन दुकानात आली; फिर्मँही आला होता. काम सुबक होतं. नदी निळीशार होती. मुखपृष्ठावर दोन नावं, सारख्या अक्षरांत.

फिर्मँ पानं उलटत राहिला.

"आवडलं ना, मस्यू दलाज?"

"हे तिने रंगवलेलं नाही."

"कोणाला कळणार आहे? आणि नाव तर तुम्हालाच हवं होतं."

"तिच्या कामावर माझं नाव खपवलं मी. आता दुसरीच्या कामावर तिचं खपवू?"

फिर्मँने नमुना मिटून मुखपृष्ठावर बोट ठेवलं.

"त्या मुलीचं नाव काय?"

"इनेस फोर्तँ."

"ते घाल. एवढ्याच अक्षरांत."

"आणि मादामचं?"

त्याने चष्मा काढला, हातातच धरला. मग माझ्याकडे वळला, जणू दुकानात कुठेतरी तिने रंगवलेला एखादा कागद असेल आणि मी काढून देईन.

"सांग ना," तो म्हणाला, "कशावर घालू?"