कागदावरची दोन वर्षं

काळात मागे नेणाऱ्या यंत्राच्या गोष्टी मी नांदेडला कॉलेजात असताना वाचल्या. तेव्हापासून मनातल्या मनात मी एकाच दिवशी परत जातो. त्या दिवशी वडिलांनी मला पहिलीत घातलं, आणि मी एकटा बसेना म्हणून रडून गोंधळ केला. मग गुरुजींनी दोन वर्षांनी लहान असलेल्या माझ्या बहिणीचंही नाव घातलं आणि तिला माझ्याशेजारी बसवलं. तिचं वय बसत नव्हतं, म्हणून सगळ्यांची लिहितात तशी एक जून तारीख लिहून दोन वर्षं वाढवली. त्यांनी भल्यासाठीच केलं. पण त्या कागदामुळे ती सोळाव्या वर्षीच अठराची ठरली आणि बारावीच्या परीक्षेआधी लग्न होऊन उमरीला गेली.

परवा तिच्या घरी आम्ही मोबाईलवर तसल्याच यंत्राची एक मालिका पाहिली.

"तुला असलं मशीन घावलं तर कुठं जाशील, दादा?" तिनं विचारलं.

"शाळेत. गुरुजींचा हात धरीन. म्हणीन, हिला दोन वर्षांनी घ्या."

"अन् तू रडून शाळा डोक्यावर घेशील, त्याचं काय?" ती हसली. "दुसऱ्याच दिवशी पळून आला असतास. लई भित्रा होतास."

खरं होतं. ती शेजारी नसती तर मी शाळेत टिकलो नसतो, घरातला पहिला पदवीधर तर दूरच. दोघांपैकी एकालाच वाचवायचं असतं तर मी स्वतःलाच वाचवलं असतं, हे तिला न विचारताच कळलं असावं. मी मोबाईल बाजूला ठेवला, तशी ती चहा ठेवायला उठली.